उसनं नेलेलं बेलफूल

चैत्र लागला की आमच्या गल्लीत तो पुन्हा ओरडायला लागतो. दिवेलागणीची वेळ असते. समोरच्या घरात कुणी बाई शंख फुंकते, खाली नळावर बादल्या आपटतात, आणि त्या सगळ्यातून ती लांब हाक येते. "बेलफूऽऽल! चाई बेलफूऽऽल!" चाई म्हणजे हवं का. आज हाक आली तेव्हा मी कैरी किसत होते. कैरी संपली हे कळलंच नाही, बोट किसलं. आंबट रस झोंबला आणि मी मोठ्याने म्हणाले, "मेली!" ते बोटाला नव्हतं, फूलवाल्यालाही नव्हतं. ज्या बाईला म्हणाले ती खालच्या मजल्यावर राहते आणि माझ्याशी अतिशय चांगली वागते.

हेच तर अवघड आहे. वाईट वागणाऱ्यावर राग धरणं सोपं असतं. मालूताई वाईट नाहीत. ह्यांची बदली झाली आणि आम्ही कलकत्त्याला आलो, बालीगंजच्या या घरात वरचा मजला घेतला, तेव्हा मला इथलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मालूताईंचे आजोबा इथे येऊन राहिलेले. त्या इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या, दोन गल्ल्या सोडून सासरी आल्या. त्यांनी मला बाजार दाखवला, मासळीच्या गल्लीतून नाक न दाबता कसं जायचं ते शिकवलं, ट्राममध्ये बायकांची जागा कुठे असते ते सांगितलं. मराठी बोलतात, पण प्रत्येक शब्द बंगालीच्या पाण्यातून बुडवून काढतात. मी नलू. त्यांच्या तोंडी नोलू. "नोलू, खाली ये गं, चहा टाकलाय." अजूनही अशीच हाक मारतात आणि अजूनही मी खाली जाते.

पण तो चैत्र मी विसरलेले नाही.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता. रस्त्यावरचे कृष्णचूडा, म्हणजे आपले गुलमोहर, लालभडक झाले होते, आणि भिंती त्याहून लाल. रोज सकाळी भिंतीवर नवं काहीतरी लिहिलेलं असे. एका पक्षाची माणसं ओळ लिहून जात, दुसऱ्या पक्षाची येऊन ती पुसत आणि त्याच जागी, कधीकधी त्यातलेच दोन-तीन शब्द ठेवून, आपली ओळ लिहीत. मला बंगाली वाचता येत नव्हतं. मालूताई वाचून दाखवत आणि हसत. संध्याकाळी दिवे जात. हे कचेरीतून येईपर्यंत जीव खालीवर होई. आणि अशातच आमची चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू झाली.

आपल्याकडे गावात हळदीकुंकू म्हणजे शेजारच्या घरी जाऊन यायचं. इथे तसं नव्हतं. मराठी बायका साऱ्या शहरभर विखुरलेल्या. कुणी बँकेतल्या, कुणी सरकारी कचेऱ्यांतल्या, कुणी मालूताईंसारख्या इथल्याच झालेल्या. आठवडाभर घरात कोंडून राहायचं आणि मग एखाद्या दुपारी बसने, ट्रामने, टॅक्सीने एका घरी जमायचं. गौर झोपाळ्यात बसवलेली, समोर कलिंगडाची कमळं कापलेली, भिजवलेल्या हरभऱ्यांचा वास, आंब्याची डाळ, पन्हं. आणि भूक मात्र खाण्याची नसे. बोलण्याची असे. मोठ्याने, भरभरून, मराठीत. मला वाटतं म्हणूनच ते उखाण्यांचं वेड एवढं वाढलं. नाव घेतल्याशिवाय डाळीची वाटी मिळायची नाही हा नियम सगळीकडे असतो. पण आमच्याकडे त्याची चढाओढ झाली. एकीने नाव घ्यायचं, त्यातच दुसरीला टोमणा मारायचा, दुसरीने उठून यमकातच तो परत करायचा, आणि शेवटी नवऱ्याचं नाव आलंच पाहिजे. ज्या नवऱ्याला एरवी "अहो" म्हणायचं, त्याचं नाव तेवढ्या वेळापुरतं तोंडभर घ्यायला मिळे.

या चढाओढीत दोघी गाजल्या. एक बालीगंजच्या मालूताई आणि दुसऱ्या बराकपूरच्या शकूवहिनी.

शकूवहिनींचे यजमान बराकपूरला छावणीच्या कचेरीत होते. त्या गाडीने सियालदहला उतरत, तिथल्या घाऊक बाजाराच्या गर्दीतून वाट काढत बस धरत आणि घामाघूम होऊन येत. आल्या की पदराने वारा घेत दारातच काहीतरी बोलत आणि सगळी खोली हसे. काळ्या, उंच, ठसठशीत कुंकू. त्यांचं सगळं जागच्या जागी तयार होई. समोर जे दिसे त्याचंच यमक. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावरून नजरही हटायची नाही.

मी भित्री. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या जिभेला गाठ पडते. माझी पाळी आली की मी सगळ्या जणी म्हणतात तोच एक जुना उखाणा पुटपुटायची, तोही असा की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये. चौथीनंतर शाळा सुटली म्हणून असं झालं, असं हे म्हणतात. शाळेचा काही संबंध नाही. शाळेतही मी अशीच होते.

पण यमक मला सुचतं. कसं ते सांगता येत नाही. आई जात्यावर बसली की मी तिच्या मांडीला टेकून झोपायची आणि दगडाची घरघर आणि तिचा आवाज अंगातून जायचा. तेव्हापासून भांडी घासताना, तांदूळ निवडताना शब्द एकमेकांना हाका मारत येतात. मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं.

मालूताईंना ते कळलं कैरीमुळे. बँकेतल्या एका बाईंकडच्या हळदीकुंकवासाठी डाळ आम्ही दोघी करून नेणार होतो. त्या त्यांच्या बंगाली विळीवर, उकिडव्या बसून, कैऱ्या चिरत होत्या. मी डाळ वाटत होते आणि वाटता वाटता काहीतरी म्हणत होते. त्यांची विळी थांबली.

"हे कुणाचं गं, नोलू?"

"कुणाचं म्हणजे? असंच."

"असंच कसं? परत म्हण." मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, कैरीची फोड तोंडात टाकली. "बापरे, तू तर छुपी रुस्तुम निघालीस! आज तू माझ्यामागे बस. त्या बराकपूरवालीने काही टाकलं की माझ्या कानात सांग. बाकी मी बघते."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? फार आनंद झाला. माझे शब्द मोठ्या आवाजात ऐकायला मिळणार होते आणि मला उभं राहावं लागणार नव्हतं.

त्या दुपारी शकूवहिनींनी डाळीचा पहिला घास घेतला आणि वाटी खाली ठेवून उठल्या.

"बराकपूरची गाडी सियालदहला थांबली,
बालीगंजच्या बाईंची जीभ तेवढी लांबली;
डाळीमध्ये कैरी कमी, मिठाचा खडा,
दिनकररावांचं नाव घेते, आता उत्तर काढा!"

काय हशा पिकला! मालूताईंचा चेहरा उतरला. मी त्यांच्या पाठीशी गालिच्यावर बसले होते. शकूवहिनींची वाटी मला दिसत होती. बोलता बोलता त्यांनी ती पुन्हा उचलून साफ केली होती. मी पुढे वाकले आणि पदराआडून एकेक ओळ सोडत गेले. मालूताई एकेक ओळ उचलत गेल्या, हात नाचवत, भुवया उडवत.

"कैरी कमी म्हणता म्हणता वाटी झाली रिकामी,
चाटूनपुसून खाणाऱ्यांची तक्रारच निकामी;
उन्हातून आलात वहिनी, पन्हं देते गार,
अरविंदरावांचं नाव घेते, तुमची झाली हार!"

शकूवहिनी सगळ्यांत मोठ्याने हसल्या. "वा गं वा, बालीगंज!" असं म्हणून त्यांनी रिकामी वाटी वर धरून सगळ्यांना दाखवली. जाताना मात्र त्यांनी मालूताईंकडे जरा टक लावून पाहिलं. मला वाटलं, रागाने. आता वाटतं, त्यांना काहीतरी खटकलं होतं.

मग तो अख्खा महिना तसाच गेला. प्रत्येक घरी मी मालूताईंच्या मागे. बायका आमच्या येण्याची वाट बघत. "आज काय आणलंय, मालूताई?" असं विचारत, जसं भाजीवाल्याला विचारावं. दोन तट पडले. बराकपूरवाल्या आणि बालीगंजवाल्या. मालूताईंच्या ओळी फोनवरून, ट्राममधून, शाळेच्या फाटकापाशी फिरू लागल्या. त्यांच्याकडे आवाज होता, रूप होतं, ऐट होती. माझ्या तोंडून त्याच ओळी मेल्या असत्या, हे मला मान्य आहे. परतताना टॅक्सीत त्या माझा हात दाबत आणि म्हणत, "आज काय उडवली आपण तिची!" आपण. त्या एका शब्दावर मी महिनाभर जगले.

आता मला त्या शब्दाचाच राग येतो. टॅक्सीत आपण आणि खोलीत मी. खोलीत कुणी विचारलं, "मालूताई, सुचतं तरी कसं हो तुम्हाला?" की त्या मान वेळावून म्हणत, "कुणास ठाऊक बाई, आपोआपच येतं." मी त्यांच्या मागे बसलेली असायची. पाठीला पाठ लावून नव्हे, पाठीकडे तोंड करून. त्यांच्या पोलक्याची शिवण मला पाठ झाली होती.

तरी त्या ओळींबद्दल मी भांडणार नाही. त्या मी दिल्या. माझ्या हाताने, राजीखुशीने दिल्या.

बेलफुलाचा उखाणा दिला नव्हता.

तो मी हळदीकुंकवासाठी केलाच नव्हता. कलकत्त्यात आल्यानंतरचे पहिले महिने मी खिडकीशी बसून काढले. खाली उतरायचं धाडस नव्हतं. संध्याकाळी ती हाक ऐकू यायची, "बेलफूल, बेलफूल". टोपली दिसायची नाही, झाडाआड असायची. नुसती हाक. मला वाटलं, इथे बेलाला एवढी फुलं येतात की लोक विकायला काढतात! मी नाशिककडची. त्र्यंबकेश्वर जवळ. ह्यांचं नावसुद्धा त्यावरूनच ठेवलेलं. आमच्याकडे घरोघरी महादेवाला बेलाचं पान, पण बेलाचं फूल कुणी टोपलीभर पाहिलेलं नाही. आणि आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही. गंगा म्हणतो. गंगेवर जाऊन येते, गंगेला पूर आलाय. इथे आले तर इथेही गंगाच. रुंद, गढूळ, वर जहाजं. पहिल्यांदा घाटावर गेले तेव्हा हे म्हणाले, "ही बघ गंगा," आणि मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं, भक्तीने.

त्या रात्री-दिवसांतून ते चार चरण आले. मी ते कुणाला म्हणून दाखवले नाहीत. ह्यांनाही नाही. आमच्या देव्हाऱ्यापुढे गौर बसवली तेव्हा फक्त तिला सांगितले, तेही दार लोटून.

"दिवेलागणीला दारी बेलफूल येते,
पान वाहिलं जन्मभर, आता फूल वाहते;
गंगा सोडून आले तरी गंगेकाठी राहते,
त्र्यंबकरावांचं नाव घेताना माहेर पाहते."

दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. मालूताई वाटीभर साखर मागायला वर आल्या होत्या. साखर घेऊन गेल्या. मला वाटलं, आत्ताच आल्या असतील.

अक्षय्य तृतीयेला शेवटचं हळदीकुंकू त्यांच्याच घरी होतं. मला माझ्या घरी बायका बोलवायची लाज, म्हणून "दोघींचं मिळून" असं ठरलं होतं. सकाळी आम्ही दोघींनी गच्चीवर धोतराच्या पानांवर कुरडया घातल्या. दुपारपासून हवा कोंडली. पंख्याला वीज नव्हती. खोली बायकांनी भरलेली, मोगऱ्याचे गजरे, अत्तर, घाम. आमच्या मंडळींत ज्या घरी हळदीकुंकू त्या घरच्या बाईने पहिलं नाव घ्यायचं. मालूताई उठल्या. मला वाटलं, मागे वळतील. काय म्हणायचं ते आमचं काही ठरलं नव्हतं. त्या वळल्या नाहीत. केसांतला गजरा सारखा केला आणि म्हणाल्या,

"दिवेलागणीला दारी बेलफूल येते…"

माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता. मी तो खाली ठेवला की तसाच धरून ठेवला ते आठवत नाही. एकेक चरण त्या म्हणत गेल्या. छान म्हणत होत्या. माझ्या गंगेवर त्यांनी हात लांबवला, माझ्या माहेरावर डोळे मिटले. आणि माझ्या नवऱ्याच्या जागी अरविंदराव आले. एवढंच. नाव काढून नाव बसवलं, जसं एका पाटावरून एकाला उठवून दुसऱ्याला बसवावं. बायका "वा, वा!" करत होत्या. एकीने तर डोळे टिपले. आणि मला कळेना की ती माझ्या माहेरासाठी रडते आहे, मग तिचे डोळे मालूताईंकडे का.

शकूवहिनी हसल्या नाहीत. त्या कपाळाला आठी घालून बसल्या होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "मालूताई, परत म्हणा बरं. पहिल्या दोन ओळी."

मालूताईंनी खुशीत म्हटल्या.

"पान वाहिलं जन्मभर. कशाचं पान हो?"

"कशाचं म्हणजे? बेलाचं."

"आणि बेलफूल म्हणजे?"

"बेलफूल म्हणजे…" मालूताईंचा हात नकळत आपल्या गजऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मोगरा!" शकूवहिनींनी टाळी वाजवली. "अहो, आम्ही काल-परवा आलेल्या बायका, आम्हालाही ठाऊक झालं की इथे मोगऱ्याला बेलफूल म्हणतात. आणि तुम्ही इथे जन्मलात! डोक्यात माळलाय की तो तुम्ही! बरं, गंगा सोडून आलात ती कुठली? तुमचं माहेर तर दोन गल्ल्यांपलीकडे. ते पाहायला नाव कशाला घ्यावं लागतं, गच्चीवर गेलात तरी दिसेल!" खोली हसायला लागली होती. तेवढ्यात त्या उभ्याच राहिल्या.

"मोगऱ्याला बेल म्हणते कमळाची राणी,
कुणाच्या विहिरीचं सांगा हे पाणी?
दिनकररावांचं नाव घेते, खरं बोला बाई,
उसनं आणलेल्या फुलाला वास येत नाही!"

अरविंद म्हणजे कमळ. तिथल्या तिथे तेही त्यांनी गुंफलं. बायका हसून लोळल्या. मी हसले नाही. मोगरा. सगळ्या खोलीला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं, आणि मी खिडकीत बसून महिनोन् महिने मोगऱ्याला बेल समजून हात जोडत होते. कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी झालं. मला वाटलं, आता कळेल. ही चूक इथल्या कुठल्याही बाईची असू शकत नाही. ही चूक एकाच बाईची असू शकते. माझ्या नावासारखीच ती त्या ओळीत बसलेली आहे. आता मालूताई काय म्हणतात?

मालूताई हसल्या. गोड, मोकळं हसल्या.

"अगो, हा माझा नव्हेच मुळी! हा आपल्या नोलूचा. बिचारीला फूल ठाऊक नाही, मी म्हटलं म्हणून दाखवावं तिचंही एखादं."

सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. "अगंबाई, नलूताईंचा होय!" "बेलाला फुलं बरी लावली!" कुणीतरी प्रेमाने माझी पाठ थोपटली. तिथे बसल्या बसल्या मला कुणीतरी जमिनीत पुरावं असं वाटलं.

शकूवहिनी बसल्या नव्हत्या. "आणि बाकीचे?" त्यांनी विचारलं. "महिनाभर ऐकले ते?"

"बाकीचे माझे," मालूताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. जसं काही आमच्या दोघींत ते ठरलेलंच होतं.

बाकीचे माझे. चूक तेवढी नलूची.

मी तोंड उघडलं. हे मी ठामपणे लिहिते, कारण पुढे कितीतरी वेळा मला वाटलं की मी उघडलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, "नाही" एवढा शब्द आला होता, आणि त्याच क्षणी खिडकीचं दार धाडकन आपटलं. बाहेर काळं झालं. इथे चैत्र-वैशाखात अशी वादळं येतात, काळबैशाखी म्हणतात त्यांना. धुळीचा लोट घरात शिरला, गौरीपुढची समई विझली, आणि मालूताई ओरडल्या, "अगो, कुरडया!"

सगळ्या धावल्या. मीही धावले. कुरडया माझ्याही होत्या.

गच्चीवर वारा माणसाला उचलत होता. धोतराची पानं उडायला लागली होती. मी एका पानाची दोन टोकं धरली, समोरून कुणीतरी दुसरी दोन धरली. बघते तर शकूवहिनी. केस सुटलेले, डोळ्यांत धूळ. आमच्या दोघींच्या मध्ये ओल्या कुरडयांचा झोळ लोंबत होता.

"डाळीची वाटी तूच पाहिलीस ना गं?" त्या वाऱ्यावर ओरडल्या. मी मान हलवली. "आणि ते पन्हं गार? तेही?" मी पुन्हा मान हलवली.

"मग खाली तोंड काय शिवलं होतं का तुझं?" त्या भडकल्या होत्या. त्या माझ्यावर भडकल्या होत्या, माझ्यासाठी. "अख्खा महिना मी भलत्याच बाईशी भांडले! गाडीत बसून ओळी जुळवायची मी, तिला काय उत्तर द्यायचं म्हणून. तिला! आणि तू मागे लपून बसलेली!" गारांचा पहिला सपका आला. आम्ही पान गुंडाळून जिन्यात शिरलो. तिथे त्यांचा आवाज एकदम खाली आला. "गंगा सोडून आले तरी गंगेकाठी राहते. माझ्याकडे अशी एक ओळ नाही. मोगरा असो नाहीतर बेल असो. पुढच्या चैत्रात तुझ्या तोंडाने म्हण. मी उत्तर आणते."

पावसाळ्यात दिनकररावांची बदली झाली. शकूवहिनी गेल्या. कुठे तेही मला उशिरा कळलं. मला उत्तर द्यायला या शहरात कुणी राहिलं नाही.

हळदीकुंकवाच्या त्याच रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं होतं. हे हसले. "अगं, उखाणाच तो! त्याला काय सातबारा असतो?" आणि पेपर उचलला. दुसऱ्या दिवशी मालूताईंना, कुठून कुठून बळ गोळा करून, म्हटलं, "तुम्ही बाकीचे माझे म्हणालात." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अगो, उखाणे सगळ्यांचेच असतात. ज्याच्या नवऱ्याचं नाव, त्याचा. आणि इथे बंगाल्यांत बघ, कवीची लढाई असते. दोन कवी समोरासमोर, ढोल वाजतो, एक गाण्यात विचारतो, दुसरा गाण्यात उत्तर देतो. त्यांच्याही मागे शब्द बांधून देणारा माणूस असे. बांधनदार म्हणतात त्याला. त्यात काय एवढं?"

त्याला उत्तर मला एवढ्या वर्षांनी सुचलं आहे. त्या माणसाला निदान नाव आहे, मालूताई. बांधनदार. लोकांना ठाऊक असे की मागे कुणीतरी बसलेलं आहे.

आणि सगळ्यांचे असतात म्हणजे काय? मी त्यावरही पुष्कळ विचार केला आहे. आईची चाल माझ्यात आहे, तिच्यात तिच्या आईची असेल. गंगा मी केलेली नाही, महादेव मी केलेला नाही. राहते, वाहते, पाहते ही यमकं माझ्या आधी हजार जणींनी जुळवली असतील. तेवढं सगळं सगळ्यांचं, घ्या. पण खिडकीत मी बसले होते. घाटावर मी रडले होते. शकूवहिनींनी माझ्या दोन ओळी घेतल्या असत्या, त्या उलट्या फिरवून मलाच मारल्या असत्या, तर मला राग आला नसता. भिंतीवरचे ते लोकसुद्धा एकमेकांचे शब्द घेत, पण ते भांडायला घेत, आणि कुणाचे घेतले हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक असे. मालूताईंनी माझे शब्द घेतले आणि ऐकलेही नाहीत. ऐकले असते तर डोक्यात मोगरा माळून बेलाचं पान म्हणाल्या नसत्या. मला चोरीपेक्षा याचा राग आहे. चोरसुद्धा दागिना पारखून नेतो.

त्यानंतर मी त्यांना एक ओळ दिली नाही. त्यांना कळलंही नसेल, कारण जुन्या पुरल्या. नव्या नव्या बायका बदलून येतात, त्यांना त्या "मालूताईंचे उखाणे" म्हणून शिकवल्या जातात. परवा एक नवी नवरी माझ्याच घरी बसून मला वाटी रिकामीचा उखाणा म्हणून दाखवत होती. "काकू, तुम्हाला येतो का हो हा?" मी म्हटलं, "ऐकलाय." आणि ती गेल्यावर सगळी भांडी पुन्हा घासली.

काल मालूताई वर आल्या. पदराखाली कैऱ्या. जुन्यासारख्याच पाट घेऊन बसल्या. केस पांढरे व्हायला लागलेत. "नोलू, यंदा काही नवं सुचलं का गं? बायका तेच तेच ऐकून कंटाळल्या बघ."

"सुचलंय," मी म्हटलं.

त्यांचे डोळे चमकले. "म्हण की!"

"शुक्रवारी म्हणेन. हळदीकुंकू माझ्याकडे आहे. सगळ्यांना निरोप गेलेत."

"तुझ्याकडे? म्हणजे आपल्याकडे ना, खाली?"

"नाही. वर. माझ्याकडे."

त्या हसल्या, तशाच गोड. "मग पहिलं नाव तुलाच घ्यावं लागेल गो. जमेल? मी बसू का मागे?"

मी हात पदरात गुंडाळले. "तुम्ही पुढे बसा, मालूताई. समोर. बेलफुलाचाच घेणार आहे, त्र्यंबकरावांच्या नावाने. मग नवा."

"अगो, पण ती चूक…"

"ती तशीच राहील."

मालूताई कैऱ्या ठेवून गेल्या. त्यांतलीच एक मी आज किसत होते.

उद्या शुक्रवार. माझा आवाज निघेल का, मला ठाऊक नाही. बोट झोंबतंय. हाक गल्लीच्या टोकाशी जाऊन पुन्हा परतली होती. मी उठले, खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि वाकून ओरडले, "ओ बेलफूल!" घोगरा, फाटका आवाज निघाला. झाडाखाली टोपली थांबली. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, समोरच्या घराकडे पाहिलं. कोण बोलावतंय ते त्याला कळेना.

मी पुन्हा हाक मारली. आणखी मोठ्याने.